पाच पदार्थांवर दिवस काढताय? आधी बंदीची यादी तपासू, चवीचं मग बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की दूध प्यायलं की पोट फुगतं, गव्हाचं खाल्लं की जड वाटून गॅस होतो, कांदा-लसणाने रात्र खराब जाते, म्हणून गेले आठ महिने तुम्ही एकेक करत सगळं बंद केलंत आणि आता भात, उकडलेलं अंडं, बटाटा, गाजर आणि रोज दोन चांगली पिकलेली केळी एवढ्यावर गाडी चाललीये. पोट बऱ्यापैकी शांत आहे पण जेवायची वेळ आली की कंटाळा येतो. आणि शेवटी विचारलंय की आता जन्मभर असंच का, की यातही कुठे खाण्याचा आनंद मिळू शकतो?

मिळू शकतो. मी १८ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि मला स्वतःला दूध आणि लसूण दोन्ही पचायला त्रास होतो, त्यामुळे हे नुसतं पुस्तकातलं सांगत नाहीये. पण तुम्हाला बहुतेक रेसिपी हव्या असणार आणि मी लगेच त्या देणार नाहीये, कारण पाच पदार्थ कितीही छान शिजवले तरी ते पाचच राहतात. माझा दाट संशय आहे की तुमची बंदीची यादी गरजेपेक्षा खूप लांब झालीये. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, तुम्ही तर आता पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलात.

सुरुवात थोड्या कंटाळवाण्या भागाने करते पण हा गाळता येत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर पित्त उठणं, ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, चक्कर येणं असं कधी झालं असेल तर ती अ‍ॅलर्जी असू शकते, त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा भडकलेली असते आणि तिथे "थोडंसं खाऊन बघू" हा प्रकार अजिबात चालत नाही, थेट अ‍ॅलर्जीचे डॉक्टर. मी खाली जे काही सांगतेय ते अशा माणसासाठी नाहीये. तुमचं वर्णन वाचून मला इन्टॉलरन्स वाटतोय, म्हणजे पचनाची अडचण, आणि तिथे सगळा खेळ मात्रेचा असतो.

दुसरं म्हणजे गहू बंद करायच्या आधी सिलिअ‍ॅकची टेस्ट केली होती का? तुम्ही लिहिलं नाहीये म्हणजे बहुतेक नसेल, आणि ही चूक इतके लोक करतात की मला आता आश्चर्यही वाटत नाही. सिलिअ‍ॅक म्हणजे ग्लूटेन या गव्हातल्या प्रोटीनमुळे आतड्याच्या आतल्या अस्तरावर शरीर स्वतःच हल्ला करतं तो आजार. त्याची रक्ततपासणी तुम्ही ग्लूटेन खात असतानाच खरी येते, बंद केलं की अँटीबॉडी हळूहळू कमी होतात आणि रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. त्यामुळे डॉक्टर कदाचित सांगतील की साधारण सहा आठवडे रोज गहू खा आणि मग टेस्ट करू, ते सहा आठवडे वैताग आहे हे मान्य, पण सिलिअ‍ॅक निघाला तर पथ्य जन्माचं आणि अगदी काटेकोर असतं, ग्लूटेन-फ्री म्हणायला आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला २० मिलिग्रॅमची आहे, त्यात टोस्टर आणि लाकडी चमचासुद्धा वेगळा ठेवावा लागतो. नाही निघाला तर गहू तुमच्या ताटात परत यायची शक्यता उघडते. वजन आपोआप कमी होणं, शौचातून रक्त, हिमोग्लोबिन कमी, त्रासाने झोपेतून जाग येणं, यातलं काही असेल तर हे पुढचं वाचत बसू नका, आधी दाखवून या. आणि हो, रक्ताचे थेंब देऊन शंभर-दोनशे पदार्थांची लाल-पिवळी-हिरवी यादी मिळते ती आयजीजी टेस्ट, त्यात पैसे घालू नका. तो आकडा मुख्यतः तुम्ही काय खाताय एवढंच दाखवतो, युरोप-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनाही ती वापरू नका म्हणतात. माझ्याकडे ती यादी घेऊन येणाऱ्यांच्या लाल रकान्यात नेमके त्यांचे रोजचे आवडते पदार्थ असतात, साप साप म्हणून भुई धोपटायचा प्रकार आहे तो.

आता तुमच्या यादीकडे. त्यात एक गंमत आहे जी तुमच्या लक्षात आलेली नाही. कांदा, लसूण आणि गहू या तिघांत एक गोष्ट कॉमन आहे, फ्रुक्टन नावाचं कर्बोदक. ते माणसाच्या लहान आतड्यात कोणालाच पचत नाही, मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जिवाणू ते आंबवतात, गॅस होतो. काहींना तो जाणवत नाही, ज्यांची आतडी संवेदनशील त्यांना तडस लागते. आता गंमत अशी की केळं पूर्ण पिकलं की त्यातही फ्रुक्टन वाढतं. म्हणजे तुम्ही रोज दोन पिकलेली केळी खाऊन शांत आहात, याचा अर्थ थोडं फ्रुक्टन तुमच्या पोटाला आत्ताही चालतंय! ही यादीतली पहिली फट, आपण इथूनच आत शिरणार.

गव्हाबद्दल एक अभ्यास सांगते, नॉर्वेतला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. सिलिअ‍ॅक नसलेले पण "मला ग्लूटेन चालत नाही" म्हणून स्वतःच ते बंद केलेले ५९ लोक घेतले, त्यांना सात-सात दिवस तीन प्रकारचे मुसली बार दिले, एकात ग्लूटेन, एकात फ्रुक्टन, एकात दोन्ही नाही, आणि कुठला कुठला ते कोणालाच सांगितलं नाही. सगळ्यात जास्त त्रास फ्रुक्टनच्या आठवड्यात झाला असे २४ निघाले, ग्लूटेनच्या आठवड्यात फक्त १३, आणि २२ जणांना सगळ्यात जास्त त्रास झाला तो ज्यात काहीच नव्हतं त्या बारने. बऱ्याच जणांच्या बाबतीत चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. त्या २२ जणांना कृपा करून नाटकी म्हणू नका, त्रास खराच असतो, धास्तावून खाल्लं की आतड्याच्या हालचाली बदलतात, एरवी न जाणवणारा गॅससुद्धा दुखायला लागतो, मेंदू आणि आतडं यांचं रात्रंदिवस बोलणं चालू असतं. पण उपाय बदलतो ना. फ्रुक्टन असेल तर मात्रा बघायची, धास्ती असेल तर धास्तीवर काम करायचं, आणि बऱ्याचदा दोन्ही थोडं थोडं असतं.

अजून एक घोळ वेळेचा. खाल्लेलं मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री आठला पोट फुगलं तर सातला खाल्लेल्या पदार्थावर संशय घेण्यात फार अर्थ नसतो, खरा आरोपी दुपारच्या जेवणात असू शकतो. पण माणूस काय करतो, शेवटी तोंडात गेलेली गोष्ट यादीत टाकतो. अशा याद्या दर महिन्याला वाढतच जातात कारण पोट अधूनमधून बिघडणारच आणि त्या वेळी काहीतरी खाल्लेलं असणारच.

तर मग दुधापासून सुरू करू कारण ते सोपं आहे. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, ती न पचणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना एका वेळी साधारण १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फार त्रास न होता चालतं, म्हणजे जवळपास २५० मिली दूध, तेही जेवणाबरोबर घेतलं तर जास्त सोपं जातं. मी स्वतः दोन वर्षं दूधच काय, लोणीसुद्धा लांब ठेवलं होतं, आणि लोण्यात लॅक्टोज जेमतेम असतं हे मी रोज पेशंटना सांगत होते, स्वतःला सोडून! मग एका रविवारी मेजरिंग कप काढला, ५० मिली दूध मोजून चहात घातलं, नाश्ता करत हळूहळू प्यायले, आणि दुपारपर्यंत दर अर्ध्या तासाने पोटाला विचारत बसले की काही होतंय का. काही झालं नाही. तीन दिवसांनी १०० मिली, ठीक. २०० ला गुडगुड सुरू झाली. झालं, माझा आकडा मिळाला, आणि सकाळचा दुधाचा चहा दोन वर्षांनी परत आला, त्या चहाइतका चांगला चहा मी नंतर कधी प्यायले नाही (पहिलाच कप होता म्हणून असेल). दह्यातले जिवाणू लॅक्टोज पचवायला मदत करतात म्हणून दही दुधापेक्षा सोसतं, जुनं कडक चीज असतं त्यात लॅक्टोज जवळजवळ उरलेलंच नसतं, आणि ही साखर पचवणाऱ्या लॅक्टेज एन्झाइमच्या गोळ्या मिळतात त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, नंतर पोट दुखल्यावर घेऊन उपयोग नाही. फक्त ज्याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्याच्यासाठी यातलं काहीही नाही, लॅक्टोज-फ्री दुधातही दुधाचं प्रोटीन असतंच.

कांदा, लसूण, गहू हे वेगवेगळे तपासायचे, एकाच आठवड्यात दोन नाही. बाकीचं जेवण आत्ता चालू आहे तसंच शांत ठेवायचं आणि तीन दिवस एकच गोष्ट वाढवत न्यायची, म्हणजे गव्हाच्या ब्रेडची पहिल्या दिवशी अर्धी स्लाइस, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन, मग दोन-तीन दिवस सुट्टी. काय लिहून ठेवायचं तर किती खाल्लं, किती वाजता, त्रास शून्य ते दहामध्ये किती, झोप कशी होती, ऑफिसात राडा झाला होता का. मासिक पाळीच्या दिवसांत टेस्ट करू नका, तेव्हा पोट तसंही खोटं बोलतं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश युनिव्हर्सिटीच्या टीमने ही लो-फॉडमॅप पद्धत (फॉडमॅप म्हणजे फ्रुक्टन, लॅक्टोजसारखी आतड्यात आंबून गॅस करणारी कर्बोदकं) बसवली तेव्हा तिच्यात तीन टप्पे ठेवले होते, दोन ते सहा आठवडे बंद, मग एकेक करून परत आणणं, मग आपापलं आयुष्यभराचं जेवण. लोक पहिला टप्पा करतात, बरं वाटतं, आणि तिथेच मुक्काम ठोकतात, तुम्ही आठ महिने ठोकलाय. तिथे राहण्याचा तोटा फक्त कंटाळा नाही, आतड्यातले बिफिडो जातीचे चांगले जिवाणू याच फ्रुक्टनवर जगतात आणि उपासमार झाली की त्यांची संख्या घटते. दूधही बंद आहे म्हणजे कॅल्शियमचा हिशोबही एकदा आहारतज्ज्ञाकडून करून घ्या.

मात्रा एकत्र जोडली जाते हेही ध्यानात ठेवा. पोटाचं रोजचं बजेट समजा, सकाळी ब्रेड, दुपारी कांदा, संध्याकाळी पिकलेलं केळं असं झालं तर एकेकटे निर्दोष असूनही रात्री खातं ओव्हरड्रॉ. म्हणून मला लोक विचारतात "कांदा चालेल का" तेव्हा मी उलट विचारते, किती आणि कशाबरोबर. रूपही बघावं लागतं. डब्यातली शिजवलेली कडधान्यं पाण्याखाली धुऊन घेतली तर त्रासदायक साखरेचा बराच भाग पाण्याबरोबर निघून जातो, आणि ब्रेड खरा लांब आंबवलेला सावरडोचा असेल तर पिठातलं फ्रुक्टन जिवाणूंनी आधीच बरंचसं खाल्लेलं असतं (पण त्यात ग्लूटेन असतं बरं का, सिलिअ‍ॅकवाल्यांनी लांब राहा).

आता चव, ज्यासाठी तुम्ही आला होतात. एखादा पदार्थ गेला की त्याची नक्कल शोधू नका, तो जेवणात काय काम करत होता ते शोधा. बिनगव्हाच्या ब्रेडची पहिली स्लाइस खाऊन लोक जे तोंड करतात ते मी शेकडो वेळा पाहिलंय, कारण ते मनात ओरिजिनलशी तुलना करत असतात आणि त्या तुलनेत तो हरणारच. तोच ब्रेड कडक भाजून, वर ऑलिव्ह ऑइल आणि मीठ चोळून सूपबरोबर खा, तेव्हा त्याला फक्त कुरकुरीतपणाचं काम दिलेलं असतं आणि ते तो चोख करतो.

लसणाचं काम वासाचं. आणि इथे रसायनशास्त्र आपल्या बाजूने आहे, फ्रुक्टन पाण्यात विरघळतं पण तेलात नाही, उलट लसणाचा वास तेलात छान उतरतो. छोट्या पॅनमध्ये चार चमचे तेल घ्या, तेल गार असतानाच चार-पाच पाकळ्या अर्ध्या करून टाका, आच एकदम मंद. दोनेक मिनिटांत पाकळ्यांच्या कडेने बारीक बारीक बुडबुडे धरतात, मग वास बदलायला लागतो, आधी कच्चा उग्र, नाकात जाणारा, मग गोडसर खमंग, आणि शेजारच्या खोलीतून कोणीतरी "काय करतेयस गं" विचारतं तो पॉइंट. कडा सोनेरी झाल्या की गॅस बंद आणि पाकळ्या एकूण एक बाहेर, ठेचू नका, चुरा राहिला तर फ्रुक्टनही राहिलं. हे तेल भातावर, बटाट्यावर, अंड्यावर, कशावरही. लोक फसतात कुठे तर सूपमध्ये अख्ख्या पाकळ्या उकळून नंतर काढून टाकतात आणि म्हणतात मी लसूण खाल्लाच नाही, अहो पण तो पाण्यात कधीच उतरला. आणि घरचं लसूण-तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका, हवा नसलेल्या तेलात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढू शकतो, तो वासाने किंवा रंगाने कळत नाही. लागेल तेवढंच करा, उरलं तर फ्रीजमध्ये आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

कांद्यासाठी पातीचा फक्त हिरवा भाग वापरा, पांढरा नाही. किंचित हिंगही चालतो, पण बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, सिलिअ‍ॅकची टेस्ट व्हायची असेल तोवर लेबल वाचा. पण मला विचाराल तर तुमच्या ताटात कांद्यापेक्षा मोठी उणीव आंबटाची आणि करकरीतपणाची आहे. बघा ना, भात मऊ, अंडं मऊ, बटाटा मऊ, केळं मऊ, आणि गाजर तुम्ही उकडूनच खात असणार. दाताला कामच नाही! उद्या काही नवीन न आणता एवढंच करा, गाजर कच्चं किसून त्यावर लिंबू आणि मीठ, बटाटा उकडून मग तव्यावर दाबून दोन्हीकडून तांबूस होईपर्यंत भाजा, अंडं तळा म्हणजे कडा जाळीदार होतात. पदार्थ तेच पाच, ताट वेगळं. भाजल्याने जो तांबूस रंग येतो त्याच्याबरोबर शेकडो नवीन वास तयार होतात, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासच असतो, खात्री करायची असेल तर नाक दाबून एक घास चावा आणि मधेच नाक सोडा.

जेवता कुठे हेही लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. कारण कडक पथ्यावरची बरीच माणसं ओट्याशी उभं राहून भांड्यातूनच खातात, औषध घेतल्यासारखं. एका गृहस्थांना मी पहिल्या भेटीत आहाराबद्दल एक अक्षर न बोलता एवढंच सांगितलं होतं की ताटलीत वाढून घ्या, बसा आणि घरच्यांच्या वेळेला बसा. ते वर्षभर आपला डबा घेऊन आधीच एकटे जेवून घ्यायचे कारण "सगळ्यांना माझ्यामुळे त्रास नको". पुढच्या वेळी आले तेव्हा पोटाचा स्कोअर थोडाच कमी झाला होता पण मुलीने त्यांच्या ताटातला भाजलेला बटाटा पळवला हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

बाहेर जाताना जेवणाऱ्या सगळ्यांसमोर वेटरला पचनाची कहाणी सांगायची गरज नाही, आधी फोन करा. आणि प्रश्न नीट विचारा. मी एकदा एका ठिकाणी "यात दूध आहे का" विचारलं, ठाम "नाही" आलं, सूप पूर्ण प्यायले आणि रात्र बाथरूममध्ये काढली, नंतर कळलं भरपूर क्रीम होतं, सांगणाऱ्याच्या लेखी क्रीम म्हणजे दूध नव्हे. तेव्हापासून "यात काय काय घालता" असं विचारते. कोणाच्या घरी जाणार असाल तर काय चालत नाही याची लांबलचक यादी पाठवू नका, यजमान घाबरतो, काय चालतं ते दोन-तीन पदार्थ सांगा आणि एखादा स्वतः करून न्या, सगळ्यांना पुरेल एवढा.

कधीतरी फसाल आणि पोट बिघडेल. इन्टॉलरन्स असेल तर एखाद्या रात्रीने आतड्याचं कायमचं नुकसान होत नाही, गरम पाण्याची पिशवी, थोडं चालणं, दुसऱ्या दिवशी साधं जेवण, आणि त्या पदार्थाला लगेच आजीवन बंदी नाही. दोन वेगवेगळ्या वेळी तसंच झालं तरच वहीत नोंद. आणि खाण्याच्या नुसत्या विचाराने धडधड होत असेल, वजन उतरत असेल, यादी वाढवल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर आहारतज्ज्ञाबरोबर मानसोपचारतज्ज्ञाचीही मदत घ्या, भीतीने खाणं आकसत जाणं हा स्वतंत्र त्रास आहे आणि त्यावर उपचार आहेत.

तर आत्ता क्रम असा ठेवा. सिलिअ‍ॅकबद्दल या आठवड्यात डॉक्टरांना विचारा, गव्हाचं काय करायचं ते त्यांच्या उत्तरावर ठरेल, तोवर त्याला हात लावू नका. दरम्यान दुधाचे ५० मिली आणि लसणाचं तेल, या दोन गोष्टी सुरू करा, पण एकाच दिवशी नाही. लसणाचं तेल आधी घ्या असं मी म्हणेन, फार मोजमाप लागत नाही आणि आठ महिन्यांनी स्वयंपाकघरात वास सुटेल.